प्रतिमेतील कडा उठवणाऱ्या प्रकाशीय गाळण्या

प्रतिमा तयार होण्याच्या वाटेतच प्रकाशलहरींवर संस्कार करून वस्तूच्या सीमारेषा ठळक करणारी साधने. जिथे पारदर्शकता, जाडी किंवा अपवर्तनांक एकदम बदलतो ती जागा म्हणजे कडा. पेशीचे आवरण किंवा काचेवरचा ओरखडा ही तिची उदाहरणे.

या तंत्राचे मूळ एर्न्स्ट अ‍ॅबे यांनी येना येथे १८७३ मध्ये मांडलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या उपपत्तीत आहे. समांतर प्रकाशात ठेवलेल्या वस्तूकडून आलेला प्रकाश भिंगाच्या मागील नाभीप्रतलात विभागला जातो. संथ बदलांचा भाग मध्यावर पडतो, बारीक तपशिलांचा व कडांचा भाग मध्यापासून दूर. १९०६ मध्ये ए. बी. पोर्टर यांनी तारेच्या जाळीवर हे दाखवून दिले. या प्रतलात फट ठेवली की प्रतिमेत एकाच दिशेच्या तारा उरतात. गाळणी बसवण्याची जागा हीच.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे मध्यावर अपारदर्शक ठिपका ठेवणे. पार्श्वभूमी काळी होते, कडा उजळतात, पण बराचसा प्रकाश वाया जातो. फूको यांनी दुर्बिणीचे आरसे तपासण्यासाठी १८५८ च्या सुमारास सुरीची धार वापरली. टॉपलर यांनी १८६४ मध्ये तशाच योजनेने हवेतील घनतेचे फरक दृश्य केले. सुरीचा दोष असा की तिच्या धारेला समांतर असलेल्या कडाच तिला नीट दिसतात.

सर्पिल कलागाळणीने ही दिशेची अडचण दूर केली. या पातळ तबकडीत मध्याभोवती एक फेरी पूर्ण होताना प्रकाशाची कला (तरंगाच्या चढउतारातील त्याची अवस्था) शून्यापासून एका पूर्ण तरंगलांबीपर्यंत सरकत जाते. त्यामुळे मध्याच्या समोरासमोरच्या बिंदूंत नेहमी अर्ध्या तरंगाचा फरक राहतो. एकसारख्या भागातून आलेल्या लहरी परस्परांना खोडतात. कडेपाशी मात्र दोन बाजू सारख्या नसल्याने खोडणे अपुरे राहते आणि उजळ रेषा उमटते, तीही सर्व दिशांना सारखीच. तबकडी प्रकाश शोषत नाही, त्याची फेरवाटणी करते. तिची खरी देखणी बाजू हीच. इन्सब्रुक येथील संशोधकांनी २००५ मध्ये द्रवस्फटिकी पडद्यावर ही गाळणी उमटवून सूक्ष्मदर्शकात वापरली. पडद्यामुळे गाळणीचा आकार संगणकावरून बदलता येतो. मध्याजवळचा छोटा भाग सर्पिल न ठेवल्यास सममिती मोडते आणि प्रतिमा तिरप्या उजेडातील उठावशिल्पासारखी दिसते.

गाळणीचा मध्य प्रकाशाच्या मध्यावर काटेकोर जुळवावा लागतो. किंचित सरकला तरी एका बाजूची कडा जास्त उजळते. तबकडी ठरावीक तरंगलांबीसाठीच अचूक असते. लेसर वापरल्यास प्रतिमेत दाणेदारपणा येतो, आणि धुळीच्या कणांच्या कडाही तितक्याच हट्टाने चमकतात.

कडा शोधण्याचे काम संगणकही करतो. छापील मजकुराच्या किंवा वाहनाच्या छायाचित्रासाठी तोच सोयीचा आहे. पण रंग न दिलेली जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असते: ती प्रकाशाची तीव्रता फारशी बदलत नाही, फक्त कला बदलते. कॅमेरा तीव्रताच टिपतो. म्हणून काटेकोर फोकस केलेल्या साध्या छायाचित्रात अशा पेशीची कडा जवळपास उमटतच नाही, आणि जे नोंदलेच गेले नाही ते नंतरच्या गणिताने परत मिळत नाही. अशा नमुन्यासाठी गाळणी कॅमेऱ्याच्या आधीच बसवावी लागते.