निशिगंध

निशिगंध : (गुलछडी, हिंदी–रजनीगंधा, कन्नड–सुगंधराज, लॅटिन–पॉलिअँथिस ट्यूबरोजा). रात्री दरवळणाऱ्या पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती. मूलस्थान मेक्सिको. अ‍ॅझटेक लोक तिची लागवड करीत. आधुनिक वर्गीकरणात तिचा समावेश घायपाताच्या अगेव्ह प्रजातीत होतो.

इतिहास व लोकसमजुती : सोळाव्या शतकात निशिगंध युरोपात गेला व पुढे युरोपीयांमार्फत भारतात आला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या त्रियानाँ येथील बागेत तो मोठ्या प्रमाणावर लावला जाई. दुहेरी पाकळ्यांचे वाण आपल्याच हाती राहावे म्हणून हॉलंडमधील लायडनच्या ल कूर या बागवानाने जादा कंद कापून टाकले, अशी कथा आहे. अविवाहित मुलींनी सायंकाळी निशिगंधाचा वास घेऊ नये, असा समज युरोपात होता. आपल्याकडे या वासाने साप येतो, असे म्हणतात; त्याला आधार नाही. रात्रीचा सुगंध परागीभवन करणाऱ्या निशाचर पतंगांना बोलावतो.

बेंगळुरूचे कार्य : बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथे 1967 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने या पिकाला नवे बळ दिले. एकेरी व दुहेरी वाणांच्या संकरातून तिने ‘शृंगार’ व ‘सुवासिनी’ हे वाण काढले. मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी हा निशिगंधाचा मोठा शत्रू. ‘शृंगार’ त्याला दाद देत नाही. ‘शृंगार’ आणि मेक्सिकन एकेरी वाण यांच्या संकरातून झालेल्या ‘प्रज्वल’च्या कळ्यांवर गुलाबी झाक असते व फूल वजनदार भरते. सुटी फुले वजनावर विकणाऱ्या शेतकऱ्याला हा गुण मोलाचा ठरतो.

लागवड व उपयोग : एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, भोवतीचे लहान कंद पुढचा बहर देतात. त्यामुळे एका लागवडीनंतर खोडवा घेता येतो. काढलेले कंद काही आठवडे सावलीत ठेवून मग लावतात. एकेरी फुले अधिक सुगंधी असून ती हार, वेणी व अत्तरासाठी वापरतात. दुहेरी वाणांचे दांडे फुलदाणीत शोभतात. महाराष्ट्रातील लग्नमंडपांत आणि बेंगळुरूच्या कृष्णराजेंद्र मार्केटमध्ये या फुलांना कायम मागणी असते.

सूत्रकृमी कंदांबरोबर नव्या शेतात पोचतात. म्हणून लागवडीचे बेणे नेहमी निरोगी मळ्यातूनच घ्यावे.