फेसाचं माहेर

मुंबईतल्या एखाद्या इराण्याकडे किंवा पुण्याच्या कॅम्पात 'आइस्क्रीम सोडा' मागितला की समोर काचेची थंडगार बाटली येते. आत व्हॅनिलाच्या वासाचं गोड, फसफसतं पाणी. आइस्क्रीम त्यात औषधालाही नसतं. ते नुसतं नावात उरलं आहे. नावातला हा गोळा कुठे विरघळला ते पाहायचं तर फिलाडेल्फियाला जावं लागतं, आणि तेही १८७४ सालच्या ऑक्टोबरात.

त्या वर्षी तिथल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटला पन्नास वर्षं झाली, म्हणून संस्थेनं मोठं औद्योगिक प्रदर्शन भरवलं होतं. रॉबर्ट ग्रीन नावाच्या विक्रेत्यानं तिथे सोड्याचं दुकान मांडलं. तेव्हा सोड्यात फळांचा पाक आणि थोडी गोड साय घालून देत. साय संपली म्हणून ग्रीननं घाईघाईत शेजारून व्हॅनिला आइस्क्रीम आणून ग्लासात टाकलं, अशी गोष्ट पुढे पसरली. ग्रीननं स्वतः १९१० साली लिहिलेली हकीकत वेगळी आहे. प्रदर्शनात त्याच्यापेक्षा मोठा आणि झगमगीत सोडा फाउंटन, म्हणजे सोडा भरून देणारं यंत्र, असलेला एक स्पर्धक होता. त्याच्याकडची गर्दी आपल्याकडे वळवायची, तर दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी हवं, म्हणून त्यानं मुद्दाम प्रयोग केले होते. ही दुसरी हकीकतच जास्त पटते. दिवसाला सहा डॉलरचा गल्ला प्रदर्शन संपता संपता सहाशेवर गेला, असं सांगतात. या शोधावर डेट्रॉइटच्या फ्रेड सँडर्ससह इतरांनीही हक्क सांगितला. ग्रीन १९२० साली वारला. आपल्या थडग्यावर 'आइस्क्रीम सोड्याचा जनक' असं कोरावं, हे त्यानं मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं.

आज या पेयाला फ्लोट म्हणतात. अमेरिकेत पानं लाल-पिवळी व्हायला लागली की त्यात सोड्याच्या जागी सायडर, म्हणजे सफरचंदाची फेसाळ दारू, किंवा काळी स्टाउट बिअर ओततात आणि वर दालचिनी भुरभुरतात. कुणाला हे हल्लीचं खूळ वाटेल. पण दारू आणि साय यांची गाठ ग्रीनच्या कितीतरी आधीची आहे. ग्रीनच्या ग्लासातला सोडासुद्धा मुळात बिअरच्या घरचाच.

इंग्लंडमध्ये लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक एका बिअरच्या भट्टीशेजारी राहत असे. आंबत्या पिंपांवर एक जड हवा साचून राहते आणि तिच्यात धरलेली पेटती काडी विझते, हे त्याच्या लक्षात आलं. १७६७ च्या सुमारास त्यानं त्या पिंपांवर पाण्याची भांडी धरली, एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतत राहिला, आणि पाण्याला सुखद चुणचुणीत चव आली. पुढे १७७२ मध्ये त्यानं ही कृती छापली. जिनिव्हाच्या याकोब श्वेपनं त्यातून धंदा उभा केला. अमेरिकन सोडावाले संगमरवराच्या भुकटीवर गंधकाम्ल ओतून तोच वायू बनवू लागले. तरी त्या फेसाचं माहेर भट्टीच.

सायीचं नातं त्याहून जुनं. सोळाव्या-सतराव्या शतकापासून इंग्रजांकडे 'सिलबब' नावाचा प्रकार होता. वाइन किंवा सायडर साखरेसह वाडग्यात घ्यायचं आणि त्यात दूध किंवा साय घालायची. वर फेस धरतो, खाली पेय निवळतं. गाय थेट सायडरच्या वाडग्यातच पिळावी, असं काही जुन्या कृतींत सांगितलं आहे. धारेच्या जोरानं फेस येतो, ही त्यामागची समजूत. बर्फ सोडला तर फ्लोटची सगळी कल्पना या वाडग्यात आहे.

आणि सायडर म्हणजे शरदच. आपल्याकडचा शरद ऑक्टोबर हीटमध्ये भाजून निघतो आणि कोजागरीच्या आटीव दुधानं निवतो. ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये त्याच दिवसांत सफरचंदं उतरतात. वसाहतीच्या काळात ती चेचून रस पिंपात भरत, आणि हिवाळा येईपर्यंत त्याची हलकी दारू होई. घरोघर पाण्याइतकी ती प्यायली जात असे. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स सकाळी न्याहारीआधी सायडरचा पेला घेत. १८४० च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांनी लाकडी खोपटं आणि सायडरचं पिंप हीच आपली खूण केली, म्हणजे आपण साध्यासुध्या माणसांतले, आणि ते निवडूनही आले.

मग चित्र पालटलं. दारूनं होणारी घरांची धूळधाण अमेरिकन बायका रोज पाहत होत्या. मजुरी गुत्त्यात जाई, मारहाण घरी येई, आणि कायद्यानं बाईच्या हातात फारसं काही नव्हतं. १८७३-७४ च्या हिवाळ्यात त्या गुत्त्यांच्या दारात जाऊन प्रार्थना करू लागल्या. नोव्हेंबर १८७४ मध्ये क्लीव्हलंड शहरात विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन ही दारूविरोधी संघटना स्थापन झाली. म्हणजे ग्रीनचा ग्लास आणि ही संघटना एकाच शरदातली. या योगायोगानं फ्लोटचं पुढचं सगळं आयुष्य ठरवलं. गुत्त्यात बायकामुलांना जागा नव्हती. सोड्याच्या दुकानात, म्हणजे सोडा फाउंटनवर, मात्र संगमरवरी ओट्यापाशी तरुण मुलगी निर्धास्त बसू शकत होती.

मराठी वाचकाला ही संघटना परकी नाही. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये याच फिलाडेल्फियात पोचल्या. पुढे त्यांची संघटनेच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी मैत्री झाली, आणि १८८९ च्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या पुस्तकात त्यांनी या बायकांच्या कामाबद्दल आदरानं लिहिलं. रमाबाई अमेरिकेत आल्या त्याच वर्षी अटलांटात जॉन पेंबर्टन या औषधविक्यानं आपल्या 'फ्रेंच वाइन कोका' या पेयातली वाइन काढून टाकली, कारण तिथे दारूबंदीच्या बाजूनं मतदान झालं होतं. त्यातून कोका-कोला निघाला.

दारू काढून टाकायची आणि नाव, रंग, फेस ठेवायचा, हीच तेव्हाची रीत होती. फिलाडेल्फियाच्याच चार्ल्स हायर्सनं मुळ्या-सालींच्या काढ्याला 'रूट बिअर' म्हटलं, कारण 'रूट टी' म्हटलं असतं तर खाणकामगारांनी ढुंकूनही पाहिलं नसतं. हे पेय घरी यीस्ट घालून फसफसवत. त्यावरून १८९५ मध्ये संघटनेनं हायर्सवर बहिष्कार पुकारला. त्यानं तपासणी करून घेतली आणि आपल्या पेयात पावाच्या लादीपेक्षाही कमी अल्कोहोल असल्याचं जाहीर केलं. बहिष्कार उठायला १८९८ उजाडलं. व्हॅनिलाचा गोळा घातलेली रूट बिअर हा आज अमेरिकेचा सर्वांत लाडका फ्लोट आहे.

जानेवारी १९२० मध्ये देशभर दारूबंदी लागू झाली आणि गुत्त्यांच्या जागी सोडा फाउंटन उभे राहिले. बिअरवाल्यांनी काय करावं? पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सव्हिलच्या यूंगलिंग घराण्याची भट्टी १८२९ पासूनची. त्यांनी १९२० मध्ये भट्टीसमोरच डेअरी काढली आणि आइस्क्रीम विकायला घेतलं. थंड साठवणीच्या खोल्या आणि गाड्या हे सगळं बिअरवाल्यांकडे होतंच. अ‍ॅनहायझर-बुश या बिअर कंपनीनंही आइस्क्रीम बनवलं. डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली, पण यूंगलिंगचं आइस्क्रीम १९८५ पर्यंत टिकलं. रस्त्याच्या एका बाजूला बिअर, दुसऱ्या बाजूला आइस्क्रीम.

दोन्ही पुन्हा एका ग्लासात आली ती विस्कॉन्सिनमध्ये. हा गाईगुरांचा आणि जर्मन बिअरवाल्यांचा मुलूख. आपल्याकडच्या कपाटातलं हॉर्लिक्स जिथे जन्मलं ते रसीन गाव इथलंच, आणि माल्टचं दूध घुसळायची यंत्रंही त्याच गावात घडली. दारूबंदीनंतर इथल्या 'सपर क्लब' नावाच्या खाणावळींत जेवणाअखेर ब्रँडी किंवा पुदिन्याचं लिकर आइस्क्रीमबरोबर घुसळून देऊ लागले. मिलवॉकीच्या ब्रायंट्स या बारमधलं 'पिंक स्क्विरल' हे पेय त्याच घराण्यातलं.

सायडरला मात्र परतायला वेळ लागला. मद्यविरोधी लाटेत काही शेतकऱ्यांनी बागा तोडल्या होत्या, आणि शहरं बिअरकडे वळली होती. शब्दसुद्धा हातचा गेला. अमेरिकेत नुसतं 'सायडर' म्हटलं तर आजही न आंबवलेला रस मिळतो; दारू हवी तर 'हार्ड' जोडावं लागतं. गेल्या तीसेक वर्षांत छोट्या सायडरवाल्यांनी जुनी कडसर, तुरट सफरचंदं पुन्हा लावली, आणि त्या आंबट पेयावर व्हॅनिलाचा गोळा अलगद बसला.

करायची रीत साधी, पण तिला शिस्त आहे. ग्लास आधी गार करून घ्यायचा. सायडर थंडगार हवं, कारण कोमट पेयातून वायू लवकर उडून जातो. आधी पेय अर्ध्याच्या थोडं वर, मग घट्ट गोळा कडेनं सोडायचा. आइस्क्रीममधल्या हवेच्या आणि बर्फाच्या कणांवर बुडबुडे धरतात, आणि दुधातली प्रथिनं त्यांना फुटू देत नाहीत, म्हणून हा फेस दाट आणि टिकाऊ. सफरचंद शिजवून केलेला दालचिनीचा पाक घालायचा तर तो तळाशी. रम किंवा बर्बन चमचाभरच, आणि तीही गोळ्यावर नाही, पेयात. कडक दारू थेट पडली की आइस्क्रीम झटक्यात बसतं. उरलेलं सायडर मग थेंबाथेंबानं वरून. फेस काठाच्या वर चढतो, क्षणभर थांबतो, आणि त्याच्याखाली गोळ्याभोवती पातळ बर्फाचं कवच धरलेलं दिसतं. ते चमच्यानं खरवडून आधी खायचं.