आखाडाचे तळण आणि गुळाचा चिला

उपवासाचे दिवस लागण्याआधी जिभेचे चोचले पुरवून घेण्याची चाल महाराष्ट्रात आषाढात पाळली जाते. तिच्यासाठी एकच दिवस वा एकच पक्वान्न ठरलेले नाही. शुद्ध नवमीला कांदेनवमी, मग सवडीने आखाड तळणे आणि शेवटी अमावस्येला सामिष जेवण, असा तो पसारा आहे.

युरोपात काही ठिकाणी हाच प्रघात एका दिवसात आटोपतो. ईस्टरच्या 47 दिवस आधीच्या मंगळवारी पॅनकेक खातात. दुसऱ्या दिवशी लेंट, म्हणजे ईस्टरपूर्व उपवासाचा काळ, सुरू होतो. मध्ययुगात लेंटमध्ये मांसाबरोबर अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य असे. घरात उरलेले हे जिन्नस पिठात कालवून तव्यावर संपवले जात. पुढे इंग्लंडमध्ये उपवासाचा नियम ढिला पडला, पॅनकेक मात्र टिकले. गोव्यात लेंटआधीच्या दिवसांना इंत्रूज म्हणतात, आणि गूळ-खोबऱ्याचे सारण भरलेली आलेबेले हे तिथले पॅनकेक.

मराठी चालीचे मूळ आषाढी एकादशीपासूनच्या चार महिन्यांत, चातुर्मासात आहे. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरू नये, एका जागी राहावे, हा बौद्ध आणि जैन परंपरांचा जुना दंडक. बौद्धांचा वर्षावास आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. गृहस्थाच्या वाट्याला यातले आहारापुरते व्रत आले. देवगिरीच्या यादवांकडील हेमाद्रीने 13व्या शतकात व्रतांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यावरून या विषयाचा पसारा कळतो. परंपरेने चार महिन्यांचे चार त्याग सांगितले आहेत: श्रावणात भाजीपाला, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल धान्ये. घरोघरी मात्र रुजला तो निराळाच नियम. कांदा, लसूण आणि वांगे चातुर्मासभर बंद, श्रावणात मांस-मासे बंद.

त्यामुळे पॅनकेकशी खरे नाते जुळते ते कांदेनवमीचे. आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांद्याची भजी, थालीपीठ, भरली वांगी असा बेत होतो. जे सुटणार तेच पोटभर खाऊन घ्यायचे. आखाड तळण्याला हे कारण लावता येत नाही. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून, खसखस लावून तळलेल्या कापण्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या यांत श्रावणाला निषिद्ध असे काहीच नाही. तेल, तूप, दूध श्रावणातही चालते, तेव्हा हे तळण साठा संपवण्यासाठी नव्हे. पावसात बाहेरचे काम थांबले की टिकाऊ खाऊचा डबा भरून ठेवावा, लेकीकडे पाठवावा, इतकाच त्याचा साधा अर्थ दिसतो.

गोंदिया जिल्ह्यात हे चित्र पालटते. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा भाताचा. इथे आषाढात काम थांबत नाही, उलट बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणीची घाई असते. पोवार घरांत आषाढी पौर्णिमेला आखाडी आणि अमावस्येला जिवती हे सण येतात. तळणात सुवारी, म्हणजे पुरी, असते. शिवाय जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो, मराठी पंचांगाचा अमावस्येला. 2024 मध्ये हिंदी पंचांगाचा सावन 22 जुलैला लागला, मराठी श्रावण 5 ऑगस्टला. गोंदिया शहरात हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांची घरे शेजारी नांदतात, तेव्हा एका घरी उपवास सुरू होऊन पंधरवडा लोटतो आणि शेजारी अजून आखाड चालू असतो.

मराठी आषाढाच्या त्याच अमावस्येला छत्तीसगडमध्ये हरेली हा सण असतो. पेरणी-रोवणीचा मोठा भाग उरकला की नांगर, कुदळी, फावडी धुऊन मांडतात आणि त्यांना गुरहा चिल्याचा नैवेद्य दाखवतात. तांदळाचे पीठ गुळाच्या पाण्यात सरबरीत भिजवून तव्यावर पसरले की चिला होतो. मुले बांबूच्या गेडीवर चालतात, लोहार दाराच्या चौकटीला खिळा ठोकतो, दारावर कडुलिंबाची डहाळी लागते. छत्तीसगड सरकारने 2019 मध्ये या दिवसाची सार्वजनिक सुटी जाहीर केली.

पॅनकेकचा सख्खा भाऊ शोभावा असा हा पदार्थ मराठी श्रावणाच्या नेमका आदल्या दिवशी तव्यावर पडतो. तरी त्याला निरोपाचे जेवण म्हणता येत नाही. तिकडे सावन निम्मा उलटलेला असतो. चिला असतो औजारांसाठी, उपवासासाठी नव्हे. तारीख जुळणे आणि कारण जुळणे या दोन गोष्टी वेगळ्या.

शुक्ल पक्ष दोन्ही पंचांगांत एकाच महिन्याचा असल्याने महिन्यांचा हा फरक लगेच मिटतो. अमावस्येनंतरच्या पंचमीला दोन्हीकडे नागपंचमी येते. अनेक मराठी घरांत त्या दिवशी चिरणे, तळणे आणि तवा चढवणे वर्ज्य असल्याने पुरणाची दिंडे उकडली जातात.