रानमोडीने रान मोडलं का?

पेणहून रोह्याकडे जाताना (वडखळच्या ट्रॅफिकमधून सुटलात तर!) नागोठण्याच्या आसपास रस्त्याकडेच्या उतारांवर जरा नजर टाका. डिसेंबर-जानेवारीत माणसापेक्षा उंच झुडपं दिसतील, वर पांढरट-जांभळट फुलांचे झुपके. पान चुरगळलं की उग्र वास. ही रानमोडी. पुस्तकी मराठीत तीव्रगंधा. लिनियसने 1759 मध्ये तिला युपेटोरियम म्हणून नोंदवलं होतं, 1970 पासून तिचं शास्त्रीय नाव क्रोमोलीना ओडोराटा आहे. मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बाजूने ती भारतात शिरली, आधी बंगाल-आसामात माजली आणि विसाव्या शतकात सह्याद्रीत पोचली. केरळात तिला 'कम्युनिस्ट पच्चा' म्हणतात. का, ते तिचा पसरायचा वेग बघून ज्याने त्याने ठरवावं :)

आपल्याकडचं नाव मात्र थेट आरोपपत्रच आहे. रान मोडते ती रानमोडी. पण रान खरंच तिने मोडलं का?

आधी तिचे गुन्हे मान्य करू. बी इतकं हलकं की वाऱ्यावर उडतं, शिवाय कपड्यांना, जनावरांच्या केसांना चिकटून फिरतं. एका झुडपाला अशा हजारो बिया. कोवळ्या पानांत नायट्रेट भरपूर, त्यामुळे गुरं तोंड लावत नाहीत, आणि लावलं तर विषबाधा होऊ शकते. दाट जाळीखाली गवत उगवत नाही, म्हणजे चाराही गेला आणि शेवळं-भारंगीसारख्या रानभाज्याही गेल्या. मार्चपर्यंत काड्या वाळून खडखडीत होतात, त्यात तेलाचा अंश, त्यामुळे वणवा लागला की भडका उडतो. त्या वणव्यात आजूबाजूची ऐन-किंजळाची रोपं मरतात. रानमोडीची खोडकी मात्र जमिनीत शाबूत राहते आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटते. दरवर्षी वणवा, दरवर्षी थोडी जास्त रानमोडी. एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःलाच पुन्हा पुन्हा कॉल करावं तसा प्रकार.

पण एक गोष्ट तिला जमत नाही. सावली. दाट झाडीखाली ती तग धरत नाही, तिला ऊन लागतं. म्हणजे रान आधी कोणीतरी उघडं करावं लागतं, मग ही येते.

इथे थोडं विषयांतर. ब्रिटनच्या डोंगरांवर ब्रॅकन नावाचं एक नेचं आहे. (आपल्याकडे महाबळेश्वरच्या पठारावर हे कुळ दिसतं.) त्याचीही कुंडली अशीच. जमिनीखाली आडवं पसरणारं खोड, त्यामुळे वर आग लागली तरी ते मरत नाही. गुरांना विषारी, त्यातलं एक द्रव्य कॅन्सरकारक. तिथेही लोक त्याच्या नावाने खडे फोडतात. पण एके काळी गावकरी हेच नेचं कापून न्यायचे: गोठ्यात अंथरायला, छप्पर शाकारायला, जाळून राखेतून पोटॅश काढायला. ती कापणी थांबली, नेच्याचे कोंब तुडवणारी जड गुरं जाऊन हलक्या मेंढ्या आल्या, आणि नेचं माजलं. वनस्पती तीच होती, माणसांची वहिवाट बदलली.

आता पेण-रोह्याची वहिवाट बघू. इथल्या भातशेतीचा पाया म्हणजे राब. रोपवाटिकेच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात ते सावकाश जाळायचं. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं. हा टहाळ यायचा वरकस जमिनीतून, म्हणजे भातखाचरांच्या वरच्या माळ-उतारांवरून. तिथेच आलटून पालटून नाचणी-वरी व्हायची. ठाकूर आणि कातकरी डोंगरावर दळी लावायचे. एक तुकडा दोन-तीन वर्षं कसायचा, मग रानाला परत द्यायचा. पडीक काळ पुरेसा लांब असला की झाडं पुन्हा उभी राहत.

1878 चा जंगल कायदा आला आणि सरकारच्या लेखी राब आणि दळी हे जंगलाचे शत्रू ठरले. ठाणे आणि कुलाबा (1981 पासून रायगड) जिल्ह्यांत एवढा असंतोष झाला की 1885 मध्ये सरकारला 'बॉम्बे फॉरेस्ट कमिशन' नेमावं लागलं, त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. राबाने खरंच फायदा होतो का यावर सरकारी प्रयोगही झाले. व्होएल्करसाहेबांच्या 1893 च्या शेतीविषयक अहवालात राबाची चर्चा आहे, आणि ती शेतकऱ्याला मूर्ख ठरवणारी नाही. त्याच काळात मुंबईच्या चुलींसाठी कोळसा लागत होता आणि रेल्वेला लाकूड लागत होतं. खैरापासून कात काढणाऱ्या कातकऱ्यांचा तो धंदा जंगलाच्या नियमांनी आखडला, आणि त्यांच्यातले कितीतरी ठेकेदारांच्या कोळसाभट्ट्यांवर राबू लागले. म्हणजे फांदी तोडणारा गुन्हेगार, आणि अख्खं झाड जाळून मुंबईला पाठवणारा व्यापारी!

25 सप्टेंबर 1930 ला उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होते. चिरनेरचा लढा आपण स्वातंत्र्याच्या धड्यात वाचतो, पण त्याच्या मुळाशी लाकूडफाटा आणि गवतचारा होता हे बहुतेकदा राहूनच जातं.

असो. मग रानमोडी आली. आज नाचणी-वरी कोणी फारशी लावत नाही, तरुण मंडळी धाटावच्या एमआयडीसीत, पनवेल-मुंबईत. गुरं कमी झाली. वरकस ओस पडली. आणि ओस जमिनीला गिऱ्हाईक कोण? आपणच. वीकेंडला बघायला गेलेला 'डोंगराच्या कुशीतला एनए प्लॉट' ही पुष्कळदा कोणाची तरी जुनी वरकस असते. डीलर जेसीबी लावून उतार कापतो, सगळं झाडून साफ करतो, तारेचं कुंपण घालतो. पुढची चार वर्षं प्लॉटवर कोणी फिरकत नाही. रानमोडीला यापेक्षा सुंदर आमंत्रण कोणी दिलं नसेल. हायवे रुंद करताना कापलेले उतारही तिला तितकेच आवडतात.

आणि वणवा लागला की चर्चा सुरू: "हे आदिवासीच लावतात." कधी कोणी लावतही असेल. पण 1880 च्या दशकातल्या सरकारी युक्तिवादाची ही कार्बन कॉपी आहे. वनहक्क कायदा (2006) आल्यावर दळीवाल्यांना निदान दावा मांडता आला, तोही 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचे पुरावे देऊन. उतार सपाट करून चार वर्षं ओस टाकणाऱ्या प्लॉटवाल्याला त्या रानाबद्दल काय पुरावा द्यावा लागतो?

रानमोडी एकजात वाईट असंही नाही. जखमेतून रक्त वाहत असेल तर तिचा पाला चुरगळून लावायची पद्धत कोकणात आहे. लाओससारख्या देशांत फिरती शेती करणारे काही शेतकरी तिला पडीक जमिनीचं खत समजतात. पापुआ न्यू गिनीत खोडावर गाठी करणारी एक माशी सोडून तिला बऱ्यापैकी आवर घातला गेला. ती माशी भारतातही आणली गेली, पण आपल्याकडच्या उतारांवर अजून कोयताच चालतो. प्लॉट घेतलाच असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फुलं यायच्या आधी, माती ओली असताना मुळासकट उपटा. जाळू नका. आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसाळ्यात ऐन, किंजळ, करंज लावा. कुठली झाडं लवकर सावली धरतात हे शेजारच्या ठाकूरवाडीत विचारलंत तर नर्सरीवाल्यापेक्षा जास्त कळेल.