विशालकोनी वेगवान भिंगांचे दृष्टिदोष आणि छायाचित्रांचे साधनमूल्य : भाट्ये परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात छायाचित्र हे महत्त्वाचे साधन मानले जाते. काजळी नदी जेथे समुद्रास मिळते, त्या भाट्ये येथील खाडीचे मुख, वाळूचा पट्टा, सुरूचे बन आणि पैलतीरावरील राजिवडा-मांडवी हा परिसर सतत बदलणारा आहे. या बदलांचा मागोवा घेताना जुनी छायाचित्रे साक्षीदार ठरतात. तथापि, दस्तऐवजाचा कागद, शाई व हस्ताक्षर तपासणारा अभ्यासक छायाचित्रामागील भिंगाची तपासणी सहसा करीत नाही. ही तपासणी का आवश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत निबंधात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इ. स. १८४० मध्ये व्हिएन्ना येथील योझेफ पेट्झवाल यांनी व्यक्तिचित्रणासाठी पहिले वेगवान भिंग सिद्ध केले. 'वेगवान' म्हणजे मोठ्या छिद्रामुळे अधिक प्रकाश घेणारे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली, डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित प्रमुख भारतीय छायाचित्रकार होत. त्या काळी निसर्गदृश्ये लहान छिद्राने व दीर्घ प्रकाशनाने घेतली जात. त्यामुळे भिंगाचे बरेचसे दोष झाकले जात. याच दशकात लुडविग फॉन झायडेल यांनी गोलीय विपथन, कोमा, अबिंदुकता, क्षेत्रवक्रता आणि विरूपण या पाच दोषांची गणिती मांडणी केली.

पुढे आरसा असलेल्या ३५ मिमी कॅमेऱ्यांमुळे नवा प्रश्न उभा राहिला. आरशाच्या हालचालीसाठी भिंगामागे जागा हवी. मात्र कमी केंद्रांतराचे भिंग फिल्मच्या अगदी जवळ येते. १९५० मध्ये फ्रान्समधील आँजेन्यू कंपनीने पुढील बाजूस अपसारी भिंग बसवून यावर तोडगा काढला. लायकाचे ३५ मिमी एफ/१.४ (१९६१), निकॉनचे ३५ मिमी एफ/१.४ (१९७१) आणि कॅननचे २४ मिमी एफ/१.४ (१९७५) ही हाताने फोकस करावयाची वेगवान भिंगे होत. कॅननच्या भिंगात अगोलीय पृष्ठभागाचा उपयोग करण्यात आला होता.

दोषांचे स्वरूप

विस्तृत दृष्टिकोन व मोठे छिद्र या दोन्ही मागण्या एकाच वेळी पूर्ण करणे कठीण असते. छिद्राचा व्यास निम्मा केल्यास, म्हणजे एफ/१.४ वरून एफ/२.८ वर आल्यास, गोलीय विपथनामुळे येणारी अस्पष्टता सुमारे एक-अष्टमांश आणि कोमामुळे येणारी अस्पष्टता सुमारे एक-चतुर्थांश होते. विरूपण मात्र छिद्र लहान केल्याने कमी होत नाही. साध्या प्रकाशीय नियमानुसार २४ मिमी भिंगाच्या चित्राच्या कोपऱ्यात मध्याच्या केवळ तीस टक्के प्रकाश पोहोचतो. आधुनिक रचनेत ही घट काहीशी कमी करता येते. परंतु छिद्र पूर्ण उघडे असता भिंगाच्या नळीची कडा कोपऱ्यांकडे जाणारा काही प्रकाश अडवते.

भाट्येच्या चित्रणातील संभाव्य भ्रम

समजा, भाट्ये पुलावरून रात्री अशा भिंगाने पूर्ण उघड्या छिद्राने चित्र घेतले. मध्यावरील दिवे बिंदुरूप दिसतील. कोपऱ्यांतील होड्यांचे दिवे मात्र पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे दिसतील. हा कोमाचा परिणाम असून तो होडीच्या हालचालीचा पुरावा नव्हे. दिवसा क्षितिज चौकटीच्या वरच्या भागात ठेवल्यास विरूपणामुळे ते घुमटासारखे वाकते; मध्यातून जाणारे क्षितिज मात्र सरळ राहते. त्यामुळे वाळूच्या काठाची वक्रता अशा चित्रावरून मोजणे धोक्याचे आहे. क्षेत्रवक्रतेमुळे एका ओळीतील सुरूची झाडे मध्ये रेखीव व कडेला अस्पष्ट दिसतात. ते धुके असेलच असे नाही. तसेच उघड्या छिद्रावर फोकस करून नंतर छिद्र लहान केल्यास, गोलीय विपथनामुळे फोकसचे स्थान सरकते. छायाचित्रकाराने निष्काळजीपणा केला, असा निष्कर्ष तेव्हा अन्यायकारक ठरतो.

आज आरसाविरहित डिजिटल कॅमेऱ्यांवर ही जुनी भिंगे पुन्हा वापरली जातात आणि त्यांच्या दोषांनाच 'स्वभाव' म्हणून पसंती मिळते. फिल्मसाठी घडविलेल्या काही विशालकोनी भिंगांच्या कडा संवेदकावरील काचेमुळे अधिकच बिघडतात. उलटपक्षी संगणकीय दुरुस्तीने विरूपण पुसले जाते. मात्र त्या दुरुस्तीची नोंद चित्रासोबत राहतेच असे नाही.

समारोप

सारांश, भिंगाचे दोष ही केवळ तांत्रिक त्रुटी नसून त्या त्या काळातील कारागिरीने केलेल्या तडजोडींची नोंद आहे. म्हणून किनाऱ्याच्या छायाचित्रांचा संग्रह करताना दिनांक व स्थळ यांबरोबरच भिंगाचे केंद्रांतर, छिद्राचे माप आणि नंतर केलेली दुरुस्ती यांची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. जेथे ही माहिती उपलब्ध नाही, तेथे मोजमापासाठी चित्राच्या मध्यभागावर अधिक भर द्यावा आणि कडांवरील पुराव्यास नकाशा वा प्रत्यक्ष पाहणीची जोड द्यावी. भाट्येचा किनारा किती सरकला, या प्रश्नाशी तेथील मच्छीमारांची उपजीविका जोडलेली आहे. त्याचे उत्तर भिंगाच्या भ्रमावर आधारलेले नसावे.