स्वस्त सरपणाचा हिशेब

थंडीच्या मुलखात सरपण केवळ चुलीपुरते नसते; घरातल्या लहानथोरांचा जीव त्यावर अवलंबून असतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फिलाडेल्फिया शहरात जळाऊ लाकूड १२८ घनफुटांच्या ‘कॉर्ड’ या मापाने विकले जाई. मार्कस बुल याने तेथे निरनिराळी वाळकी लाकडे जाळून त्यांची उष्णता मोजली व १८२६ साली अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडला. समान वजनाची लाकडे जवळजवळ सारखीच ऊब देतात. परंतु कॉर्डमागे हिकरीची उष्णता १०० धरल्यास मऊ, हलक्या पांढऱ्या पाइनची अवघी ४२ भरते. लाकूड बिचारे निर्दोष. मापात वजनाचा हिशेबच नव्हता. हिकरीच्या निम्म्या दराने पाइन घेणारा गरीब स्वस्ताईच्या समाधानात तोटाच घरी नेत असे.