भुशाच्या ठोकळ्याची कुळकथा

लाकडाचा भुसा जळतो, पण जळण म्हणून तो फार गैरसोयीचा असतो. चुलीत ओंजळभर भुसा टाकला तर वरचा थर भडकन पेटतो आणि खालचा हवेवाचून धुमसत, धूर ओकत राहतो. शिवाय तो जागा खातो. एक घनमीटर सुटा भुसा साधारणपणे दोनशे किलोच्या आतच भरतो, तर यंत्रात घट्ट दाबलेली भुशाची कांडी पाण्यापेक्षाही जड होते आणि पाण्यात टाकली की बुडते. भुसा, साल, ढलप्या, कोळशाची भुकटी यांना आकार देऊन त्यांचे हाताळण्याजोगे सरपण करण्याची खटपट जगात अनेक ठिकाणी, बहुधा एकमेकांच्या नकळत झाली. इंधनठोकळा, ब्रिकेट, कांडी कोळसा ही तिच्याच फळांची नावे. या कुळाच्या दोन शाखा आहेत, एक ओली आणि एक कोरडी. घरी होण्याजोगा ठोकळा ओल्या शाखेचा आहे. हा भेद ध्यानात न घेता कारखान्याची कांडी घरी करायला गेल्यामुळे अनेकांची निराशा झाली आहे.

ओल्या शाखेचा ठळक पूर्वज युरोपातल्या चामडे कमावणाऱ्यांच्या अंगणात सापडतो. तिकडे कातडी कमावण्यासाठी ओकच्या झाडाची साल दळून वापरीत. (आपल्याकडे त्याच कामाला बाभळीची साल आणि तरवड वापरला जाई.) कातडी सालीसह महिनोन्‌महिने खड्ड्यांत भिजत पडलेली असे. सालीतले टॅनिन कातड्यात उतरले की मागे उरे तो ओला, तंतुमय, निरुपयोगी चोथा. हा चोथा गोल साच्यात भरून कामगार तो पायांनी तुडवीत, तयार झालेल्या वड्या हवेशीर मांडण्यांवर वाळवीत आणि स्वस्त जळण म्हणून विकीत. फ्रान्समध्ये या वडीला ‘मोत’ म्हणत, जर्मनीत ‘लोकेझे’. १८ व्या शतकात पॅरिसच्या बिएव्र नदीकाठी चर्मकारांची वस्ती होती आणि हे तिथले नेहमीचे उत्पादन होते. वडी मोठ्या ज्वाळेने जळत नसे, पण निखारा बराच वेळ धरून ठेवी. ज्यांना ओंडके परवडत नव्हते अशा घरांना थंडीत तिचाच आधार असे.

या वडीत गोंद नव्हता, माती नव्हती, यंत्राचा दाबही नव्हता. मग ती टिके कशी? याचे उत्तर त्या लांबलेल्या भिजण्यात आहे. पाण्यात मुरलेल्या सालीचे तंतू सुटे आणि मऊ होतात, तुडवताना ते एकमेकांत गुंततात आणि वाळताना आवळले जातात. कागद असाच तयार होतो. दाब लागतो तो फक्त पाणी निथळण्यापुरता. आपल्या गोवरीचेही तत्त्व हेच आहे. गुराने चावून, रवंथ करून आणि पचवून चाऱ्याचे तंतू आधीच मोकळे केलेले असतात, म्हणून शेणात भुसा, तूस किंवा काड कालवून थापले तरी गोवरी फुटत नाही. लाकडाच्या भुशासाठी घरात मिळणाऱ्या चिकटद्रव्यांत शेणाइतके सोपे दुसरे नाही.

ओल्या शाखेची दुसरी फांदी कोळशाच्या भुकटीची. भुकटीत तंतू नसतात, तेव्हा चिकटवणारे काहीतरी बाहेरून घालावेच लागते. लंडनमध्ये ह्यू प्लॅटने १६०३ साली दगडी कोळशाची भुकटी आणि चिकणमाती यांचे गोळे करण्यावर एक पुस्तिका छापली. तेव्हा इंग्लंडात लाकूड महागले होते. जपानमध्ये लाकडी कोळशाच्या चुऱ्यात समुद्रशेवाळाची खळ घालून ‘तादोन’ नावाचे काळे गोळे वळत. त्यांचे श्रेय परंपरेने एदो शहरातला कोळसा-व्यापारी शिओबारा तासुके (१७४३-१८१६) याला दिले जाते. कोळशाची वाहतूक झाली की पोत्यांच्या तळाशी चुरा उरतोच. एरवी फेकला जाणारा हा माल त्याने विकाऊ केला आणि तो श्रीमंत झाला.

अमेरिकेत एल्सवर्थ झ्वॉयर याने १८९७ मध्ये कोळशाच्या ब्रिकेटचे पेटंट घेतले, पण ब्रिकेट घरोघर पोचले ते मोटारगाड्यांच्या धंद्यातून. हेन्री फोर्डच्या त्या काळच्या गाड्यांत लाकूड बरेच लागे. त्यासाठी त्याने मिशिगनमध्ये जंगल विकत घेतले आणि तिथे लाकूडकामाचा कारखाना उभारला. १९२० च्या दशकात त्या कारखान्यातल्या तुकड्यांचा आणि भुशाचा बंद भट्टीत कोळसा करून, तो दळून, पिष्टाच्या खळीत मळून उशीच्या आकाराच्या वड्या पाडल्या जाऊ लागल्या. भट्टीची प्रक्रिया ऑरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ओरिन स्टॅफर्ड यांची होती. फोर्डच्या गाड्या विकणाऱ्या दुकानांतच या वड्याही विकल्या जात. पुढे धंदा दुसऱ्यांच्या हाती गेला आणि वड्यांना किंग्सफर्ड हे नाव मिळाले. फोर्डसाठी हा सगळा व्यवहार जमवून देणाऱ्या नातलगाचे ते आडनाव. कारखान्याभोवती वसलेल्या गावालाही तेच नाव आहे.

कोरड्या शाखेचा इतिहास पूर्णपणे यंत्राचा आहे. बव्हेरियातल्या कार्ल एक्स्टरने १८५० च्या दशकात पीट या दलदलीतल्या इंधनासाठी वाफेवर चालणारे दाबयंत्र तयार केले. त्यात एक दट्ट्या सुकवलेला माल उघड्या तोंडाच्या, निमुळत्या नळीत ठोकत राही. नळीत पुढे अडकलेल्या वड्यांचे घर्षण हाच मागून येणाऱ्या मालाला अडसर होई आणि त्या रेट्यात माल घट्ट होई. चिकटवायला काही घालावे लागत नसे. याच पद्धतीने लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या वड्या करणारा पहिला कारखाना १८५८ मध्ये हाल्ले शहराजवळ आम्मेनडॉर्फ येथे सुरू झाला. आज भुशाच्या कांड्या काढणारी दट्ट्याची यंत्रे या तत्त्वावरच चालतात. लाकडाच्या भुशाचा विचार अमेरिकेत १८८० सालच्या एका पेटंटमध्ये दिसतो. भुसा सुमारे ६६ अंश सेल्सियसपर्यंत तापवायचा आणि वाफेच्या घणाखाली दगडी कोळशाइतका घट्ट ठोकायचा, अशी ती कृती होती.

कोरडा भुसा गोंदाशिवाय चिकटतो तो लिग्निनमुळे. लाकडाचा साधारण पाव हिस्सा लिग्निन असते आणि झाडाचे तंतू तेच एकत्र बांधून ठेवते. किंचित ओल असताना शंभर अंशांच्या पुढे ते मऊ पडते, प्रचंड दाबाखाली कणाकणांमध्ये शिरते आणि थंड होताच पुन्हा कडक होते. भुशात आठ-दहा टक्के ओल असावी लागते. जास्त झाली तर आत कोंडलेली वाफ कांडी फोडते, फार कमी असली तर लिग्निन नीट मऊ होत नाही. हा दाब आणि ही उष्णता हाताच्या तरफेने किंवा मोटारीच्या जॅकने मिळत नाही. घरी कोरडा भुसा नळीत कितीही दाबला तरी बाहेर काढल्यावर तो विस्कटतो, याचे कारण एवढेच.

१९३० च्या दशकाच्या आरंभी आयडाहो राज्यातल्या ल्युइस्टन येथे, एका मोठ्या लाकूड कंपनीत रॉबर्ट बोलिंग या अभियंत्याने भुशाचे ओंडके करणारे यंत्र उभे केले. मळसूत्र भुसा दाबून एका मोठ्या चाकाच्या परिघातल्या साच्यांत भरी आणि चाक फिरत असताना ओंडके निवत जात. फूटभर लांबीचे हे गुळगुळीत ओंडके ‘प्रेस-टु-लॉग’ नावाने घरांत आणि रेल्वेत खपले. जपानने मळसूत्राचाच वेगळा मार्ग घेतला. तापवलेल्या नळीतून सलग बाहेर येणारी, मधून पोकळ, बाहेरून करपून तपकिरी झालेली कांडी तिकडे ‘ओगालाइट’ म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचे शेकडो कारखाने तिथे चालत होते. तीच कांडी पुढे भट्टीत जाळून ‘ओगातान’ हा कोळसा होतो आणि जपानी खाणावळींत त्यावर मांस भाजले जाते.

भारतात ही यंत्रे १९८० च्या दशकात आली. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘इरेडा’ या केंद्रीय संस्थेच्या कर्जांचा त्यांना आधार मिळाला आणि राजकोट हे यंत्रे घडवण्याचे मोठे केंद्र झाले. लाकडाचा भुसा, शेंगदाण्याची टरफले, कापसाच्या पऱ्हाट्या, उसाचे चिपाड यांच्या कांड्या व्यापारात ‘व्हाइट कोल’ किंवा पांढरा कोळसा म्हणून जातात आणि कारखान्यांच्या बॉयलरात जळतात. यंत्राला मोठी मोटर, भुसा सुकवण्याची सोय आणि दिवसाला काही टन कच्चा माल लागतो. म्हणजे हा धंदा आहे, घरकाम नव्हे.

घरकाम म्हणून ठोकळा जगला तो टंचाईच्या काळात. दोन्ही महायुद्धांत युरोपातल्या कुटुंबांनी रद्दी भिजवून, तिच्यात भुसा आणि घरातला इतर जळाऊ कचरा मिसळून, साध्या तरफेच्या साच्यांत विटा पाडल्या. पुढे गॅस आणि रॉकेल सुलभ झाल्यावर ते साचे अडगळीत गेले. १९७३ च्या तेलसंकटानंतर पर्यायी इंधनांकडे पुन्हा लक्ष वळले. वॉशिंग्टन विद्यापीठातले लाकूडशास्त्राचे प्राध्यापक बेन ब्रायंट यांनी ओल्या पद्धतीसाठी लाकडी चौकटीचे, लांब दांड्याचे दाबयंत्र आखले. गावातल्या सुताराला ते करता येते. रिचर्ड स्टॅन्ली आणि लेगसी फाउंडेशन यांनी १९९० च्या दशकापासून ते आफ्रिकेतल्या मलावीसारख्या देशांत नेले. चर्मकारांच्या वडीचे तत्त्व इथे पुन्हा कामाला आले, फक्त सालीऐवजी कुजवलेला पाला, कुटलेले गवत, कागदाचा लगदा आणि भुसा आले.

महाराष्ट्रात भुशाचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला होता. इथे भुशाला आकार देण्याऐवजी शेगडीलाच साचा केले गेले. पत्र्याच्या डब्याला तळाशी बाजूने एक भोक असे. मधोमध बाटली किंवा गोल दांडा उभा धरायचा, भोकातून दुसरा दांडा आत सरकवायचा आणि भोवती भुसा ठासून भरायचा. दोन्ही दांडे अलगद काढले की हवेला वाट आणि ज्वाळेला धुराडे मिळे. वखारीतून किंवा सुताराकडून आणलेल्या पोतेभर भुशावर अंघोळीचे पाणी आणि स्वयंपाक निघे. रॉकेल रेशनवर मिळण्याच्या दिवसांत अनेक घरांना भुशाच्या शेगडीनेच हात दिला. या शेगडीचा मान तिला मिळायला हवा तितका मिळालेला नाही. ब्रायंटच्या ठोकळ्याला मधोमध असलेले भोक धुराड्याचे तेच काम करते.

कोळशाच्या फांदीलाही इथे नवा फुटवा आला. ऊसतोडणीनंतर शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटाचा बंद पिंपांत कोळसा करून, खळीने मळून, त्याच्या कांड्या पाडण्याची पद्धत डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने विकसित केली. तिला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. संस्थेच्या ‘सराई’ कुकरमध्ये अशा शंभर-दोनशे ग्रॅम कांड्यांवर एका कुटुंबाचे वरण, भात आणि भाजी वाफेवर शिजते.

घरी ठोकळे करताना रद्दी फाडून दोन-तीन दिवस भिजवतात आणि तिचा लगदा करतात. एक भाग लगदा आणि सुमारे तीन भाग भुसा असे मिश्रण बहुधा जमते. निम्मा भुसा कुजलेल्या पाल्याने बदलला तर कागद कमी लागतो. मूठभर मिश्रण पिळून सोडल्यावर ते फुगून सुटले नाही, तर ते साच्यात घालण्याजोगे झाले. भोके पाडलेल्या पाइपाचा तुकडा साचा म्हणून पुरतो. मध्ये दांडा उभा करून वरून दाबले की पाणी निथळते. चार इंच व्यासाचा ठोकळा कडक उन्हात साधारण आठवडाभरात वाळतो. हे काम दिवाळीनंतर ते उन्हाळा संपेपर्यंतच करावे. पावसाळ्यात ठोकळा वाळण्याआधी बुरसतो, आणि वाळलेलाही भिजला तर पुन्हा लगदा होतो.

किलोभर ठोकळ्यातून किलोभर कोरड्या लाकडापेक्षा जास्त उष्णता मिळत नाही. माती घातली तर ती कमीच होते आणि राख वाढते. लाभ आहे तो वाया जाणारा माल वापरात येण्याचा आणि आच एकसारखी मिळण्याचा. प्लायवूड, एमडीएफ, सनमायका लावलेल्या फळ्या आणि रंगवलेले लाकूड यांचा भुसा मात्र कटाक्षाने टाळावा. त्यांतली राळ आणि रंग जळून निघणारा धूर विषारी असतो, आणि सुताराच्या दुकानातल्या भुशात आज हाच माल पुष्कळ असतो. त्यामुळे सागाचा, बाभळीचा, आंब्याचा असा निव्वळ लाकडाचा भुसा वेगळा मागून घ्यावा लागतो. कोळशाच्या कांड्या बंद खोलीत पेटवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.